घटस्फोटाची तारीख आणि ग्रीन कार्डाचा अर्ज : एका शतकाचा इतिहास

१/ अमेरिकी नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी स्त्रीचा घटस्फोट झाला, तर तिच्या त्या देशातील वास्तव्याचे काय होते? १९०७ साली उत्तर सोपे होते. ती अमेरिकेतच राहिली, तर ती अमेरिकी नागरिकच राहत असे. आज तिचा ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असेल, तर घटस्फोटाचा हुकूमनामा निघाल्याबरोबर त्या अर्जाचा आधारच नाहीसा होतो. म्हणजे जुना कायदा स्त्रियांना अधिक मान देत होता का? तसे मुळीच नाही. मग हा बदल कसा घडला? हा धागा त्याविषयी.

२/ सुरुवात १८५५ पासून. इंग्लिश परंपरेतून अमेरिकेत आलेला एक कायदेशीर सिद्धान्त होता, 'कव्हर्चर'. विवाहानंतर स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होते, असे तो सिद्धान्त मानी. १८५५ च्या कायद्याने हेच तत्त्व नागरिकत्वाला लावले. अमेरिकी पुरुषाशी विवाह करणारी परदेशी स्त्री विवाहाबरोबरच नागरिक होई. अट एकच होती, ती स्वतः नागरिकत्वास पात्र असावी, आणि त्या काळी याचा अर्थ गौरवर्णीय असावी असा होता. अर्ज नव्हता, प्रतीक्षा नव्हती, मुलाखतही नव्हती.

३/ याच तत्त्वाची दुसरी बाजू १९०७ च्या कायद्याने उघडी केली. परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे नागरिकत्व संपुष्टात येऊ लागले. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या एथेल मॅकेन्झी यांनी एका स्कॉटिश गायकाशी विवाह केला होता. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्यावर, 'आपण आता अमेरिकी नाही' असे त्यांना सांगण्यात आले. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९१५ साली त्या हरल्या. स्वतःच्या जन्मभूमीत राहून, केवळ विवाहामुळे त्या परक्या ठरल्या.

४/ याच १९०७ च्या कायद्यात घटस्फोटाविषयीही स्पष्ट तरतूद होती. विवाह संपुष्टात आला की, नागरिकत्व गमावलेल्या अमेरिकी स्त्रीला ते परत मिळवता येई. उलट विवाहामुळे नागरिक झालेली परदेशी स्त्री अमेरिकेतच राहत असेल आणि तिने स्वतःहून त्याग केला नसेल, तर तिचे नागरिकत्व टिके. विवाहाने मिळालेले घटस्फोटाने काढून घेतले जात नव्हते. कारण विवाहाबरोबरच सारे मिळून गेलेले असे. मधे लोंबकळत राहण्याचा काळच नव्हता.

५/ हा काळ निर्माण झाला तो एका सुधारणेमुळे. १९२० साली अमेरिकी स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला. जिला मत आहे तिचे नागरिकत्व पतीवर कसे अवलंबून ठेवायचे, हा प्रश्न उभा राहिला. १९२२ च्या 'केबल कायद्या'ने पती-पत्नींचे नागरिकत्व वेगळे केले. न्यायाच्या दिशेने हे मोठे पाऊल होते. पण त्याबरोबर परदेशी पत्नीला विवाहाने आपोआप मिळणारे नागरिकत्वही बंद झाले. आता तिला स्वतंत्रपणे आत यावे लागणार होते.

६/ या सुधारणेतही एक वर्णभेदी अपवाद होता, आणि त्याची झळ भारतीयांना बसली. नागरिकत्वास 'अपात्र' ठरलेल्या परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे नागरिकत्व १९२२ नंतरही जाई. १९२३ साली भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अपात्र ठरवले. क्रांतिकारक तारकनाथ दास १९१४ मध्येच अमेरिकी नागरिक झाले होते, तरी ते नागरिकत्व आता धोक्यात आले. १९२४ मध्ये त्यांच्याशी विवाह केलेल्या मेरी दास यांनाही त्याची किंमत मोजावी लागली. जन्माने अमेरिकी असूनही त्यांचे नागरिकत्व गेल्याचे मानले गेले.

७/ १९२४ साली स्थलांतरावर राष्ट्रवार कोटा आला. नागरिकांच्या पत्नींना कोट्याबाहेर ठेवले गेले, पण त्यासाठी नागरिक पतीने सरकारकडे विनंती-अर्ज करणे आवश्यक झाले. वर वर पाहता ही कारकुनी बाब वाटते. प्रत्यक्षात विवाह आणि हक्क यांच्या मधे येथे प्रथमच एक कागद आला. त्या कागदाला मंजुरी मिळायला वेळ लागणार होता, आणि त्या वेळात विवाहाचे काहीही होऊ शकत होते. 'प्रलंबित अर्ज' नावाची अवस्था जन्माला आली ती येथे.

८/ हा कागद कोणाचा, हे महत्त्वाचे आहे. विनंती-अर्ज नागरिक जोडीदाराचा असतो. ज्याच्यासाठी तो केला, तो परदेशी जोडीदार कायद्याच्या भाषेत केवळ 'लाभार्थी' असतो. अर्ज करणारा तो मंजुरीपूर्वी मागे घेऊ शकतो. कव्हर्चरचा सिद्धान्त पुस्तकांतून हद्दपार झाला होता, पण एका जोडीदाराचे भवितव्य दुसऱ्याच्या सहीवर ठेवण्याची त्याची रीत या कागदात शिल्लक राहिली.

९/ पुढचे वळण दुसऱ्या महायुद्धानंतरचे. परदेशांत विवाह केलेल्या सैनिकांच्या जोडीदारांना लवकर आणता यावे, म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये 'वॉर ब्राइड्स ॲक्ट' झाला. हजारो खरी जोडपी त्यामुळे एकत्र आली. काही बनावटही आली. १९४७ मध्ये पॅरिसमध्ये काही माजी सैनिकांचे विवाह लावण्यात आले. हेतू एवढाच होता की, युरोपातील निर्वासित आप्तांना 'सैनिकाचा जोडीदार' म्हणून अमेरिकेत आणावे. एकत्र राहण्याचा विचार कोणाचाच नव्हता.

१०/ हे प्रकरण 'लुटवाक खटला' म्हणून गाजले. आरोपींचा युक्तिवाद होता की, विवाह फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे रीतसर झाला, मग फसवणूक कसली? १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. विधी रीतसर झाला की नाही, हा प्रश्नच नाही. संसार करण्याचा हेतू होता की नाही, हा प्रश्न आहे. तेव्हापासून इमिग्रेशन अधिकाऱ्याला विवाहाच्या दाखल्यापलीकडे पाहण्याचा अधिकार मिळाला. मात्र हेतू पाहायचा कोणत्या दिवशीचा? विवाहाच्या, की अर्जाच्या निकालाच्या? पुढची तीस वर्षे वाद यावरच झाला.

११/ दरम्यान १९५२ च्या कायद्याने 'पत्नी'ऐवजी 'जोडीदार' हा शब्द आणून स्त्री-पुरुषांना एका पातळीवर ठेवले. देशात राहूनच कायम वास्तव्याचा दर्जा मागण्याची सोयही दिली. यातून आजची दुपेडी रचना तयार झाली. पहिला टप्पा नागरिक जोडीदाराच्या विनंती-अर्जाचा, दुसरा परदेशी जोडीदाराच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचा. नियमांचा अर्थ स्पष्ट होता. दुसऱ्या अर्जाचा निकाल लागेल त्या दिवशी अर्जदार 'जोडीदार' असलाच पाहिजे. विनंती-अर्ज आधीच मंजूर झाला असला, तरी घटस्फोट होताच ती मंजुरी आपोआप रद्द होते.

१२/ पण घटस्फोट झाला नसेल, केवळ नवरा-बायको वेगळे राहत असतील तर? १९६०-७० च्या दशकांत इमिग्रेशन खाते विवाह 'जिवंत' आहे का, हे तपासू लागले. दोघे एका छताखाली नाहीत, एवढ्यावरून अर्ज फेटाळले जात. याला पहिला मोठा धक्का १९७५ च्या 'बार्क' खटल्यात बसला. नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने सांगितले की, विवाह करताना एकत्र आयुष्य घालवण्याचा हेतू होता का, एवढेच पाहायचे. परदेशी व्यक्तीचा संसार नागरिकांच्या संसारापेक्षा अधिक यशस्वी असावा, अशी अपेक्षा कायदा करू शकत नाही.

१३/ १९७९ च्या 'दबाघियान' खटल्यात हाच विचार पुढे गेला. इराणहून आलेल्या या गृहस्थांचे अमेरिकी पत्नीशी बिनसले होते. ग्रीन कार्ड हाती येताच काही दिवसांत त्यांनी घटस्फोटाचा दावा लावला. सरकारने त्यांचा दर्जा काढून घेतला. न्यायालयाने तो परत दिला. विवाह सुरुवातीला खरा होता, दर्जा मिळाला त्या दिवशी तो कायद्याने अस्तित्वात होता, एवढे पुरेसे आहे. त्यातला जिव्हाळा आटला होता का, हे मोजणे सरकारचे काम नाही.

१४/ १९८० पर्यंत इमिग्रेशन अपील मंडळानेही हे स्वीकारले, आणि एक स्पष्ट रेषा आखली गेली. बेबनाव झाला, दोघे वेगळे राहू लागले, एवढ्याने प्रलंबित अर्ज बाद होत नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा निघाला की तो बाद होतो. कागदावर ही रेषा नेटकी दिसते. आयुष्यात तिचा अर्थ असा की, सारखेच प्रामाणिक असलेले दोन विवाह मोडले, तर एकाला ग्रीन कार्ड मिळते आणि दुसऱ्याला परतीचे तिकीट. फरक केवळ कोणती तारीख आधी आली, याचा.

१५/ मग आले १९८५-८६ चे भयपर्व. सिनेटच्या उपसमितीपुढे इमिग्रेशन खात्याचे आयुक्त ॲलन नेल्सन यांनी आकडा मांडला की, विवाहावर आधारित प्रकरणांपैकी सुमारे ३० टक्के बनावट असावीत. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. पुढे १९९० च्या 'मनवानी' खटल्यात उघड झाले की, तो आकडा सिद्ध झालेल्या फसवणुकीचा नव्हताच. एका छोट्या नमुना पाहणीत अधिकाऱ्यांना जी प्रकरणे नुसती संशयास्पद वाटली, त्यांचे ते प्रमाण होते. तोपर्यंत कायदा होऊन चार वर्षे लोटली होती.

१६/ १० नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्या कायद्यावर सही केली. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी मिळालेले ग्रीन कार्ड यापुढे 'सशर्त' झाले, मुदत दोन वर्षे. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पती-पत्नींनी मिळून, दोघांच्या सहीने, अट काढण्याचा अर्ज करायचा. म्हणजे पहिला अर्ज निकाली निघाल्यावर आणखी एक प्रलंबित अवस्था सुरू होऊ लागली. नागरिक जोडीदाराची सही आता एकदा नव्हे, दोनदा लागणार होती.

१७/ या दोन वर्षांत घटस्फोट झाला तर? १९८६ च्या कायद्याने सवलत ठेवली होती, पण चमत्कारिक. विवाह प्रामाणिक असावा, घटस्फोट परदेशी जोडीदारानेच घेतलेला असावा आणि तोही सबळ कारणासाठी. नवऱ्याने बायकोला टाकून स्वतः घटस्फोट मिळवला, तर ती या सवलतीत बसत नसे. गंमत अशी की, दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा अमेरिकेतील पहिला मोठा कायदा १९६९ साली कॅलिफोर्नियात झाला, तेव्हा गव्हर्नर म्हणून त्यावर सही करणारेही रेगनच होते. कुटुंबन्यायालयातून बाहेर काढलेला 'दोष' सतरा वर्षांनी इमिग्रेशन कायद्याच्या मागच्या दाराने परत आला.

१८/ त्याचे परिणाम घराघरांत दिसले. मारहाण सोसणारी पत्नी घर सोडू शकत नव्हती, कारण सहीचा अधिकार मारणाऱ्याच्या हातात होता. स्त्री-संघटनांनी हे मांडल्यावर १९९० साली काँग्रेसने दुरुस्ती केली. घटस्फोट कोणी घेतला, कोणत्या कारणाने घेतला, हे प्रश्न वगळले गेले. विवाह प्रामाणिक हेतूने झाला होता, एवढे सिद्ध केले की पुरे. छळ झालेल्या जोडीदारासाठी वेगळी सवलतही आली.

१९/ ही सवलत मात्र सशर्त कार्ड मिळालेल्यांसाठी होती. ज्यांच्या पतीने मुळात अर्जच केला नाही, किंवा केलेला मागे घेतला, त्यांचे काय? १९९४ च्या 'व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट'ने अशा जोडीदाराला स्वतःच स्वतःसाठी अर्ज करण्याचा हक्क दिला. एक त्रुटी राहिली. अर्जाच्या दिवशी विवाह कायम असणे आवश्यक होते, म्हणून छळणारा पती घाईने घटस्फोट मिळवून तो हक्क मारू शकत होता. २००० साली तीही वाट बंद झाली. छळाशी संबंधित घटस्फोटानंतर दोन वर्षांपर्यंत अर्ज करता येऊ लागला.

२०/ प्रामाणिक हेतू सिद्ध कसा करायचा? मन तर दाखवता येत नाही. म्हणून कागद बोलतात : दोघांच्या नावावरचा भाडेकरार, संयुक्त बँक खाते, विम्यावर जोडीदाराचे नाव, मुलांचे जन्मदाखले, परिचितांची प्रतिज्ञापत्रे. यात आणखी एक पेच होता. सवलतीसाठी घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा हवा, पण न्यायालयाचा निकाल यायच्या आतच कार्डाची मुदत संपे. २००९ च्या प्रशासकीय सूचनेने थोडी वाट दिली. संयुक्त अर्ज प्रलंबित असताना घटस्फोट झाला, तर नवा अर्ज न करता तोच सवलतीचा अर्ज म्हणून चालवता येऊ लागला.

२१/ २००९ सालीच मृत्यूबाबतचा एक जुना अन्याय दूर झाला. विवाहाला दोन वर्षे होण्याआधी नागरिक पती वारला, तर पत्नीचा प्रलंबित अर्जही त्याच्याबरोबर संपत असे. दुःखात असलेल्या स्त्रीला देश सोडण्याची नोटीस येई. याला 'विधवेचा दंड' असेच नाव पडले होते. २००६ च्या 'फ्रीमन' खटल्यात नवव्या परिमंडळाने सांगितले की, पती वारल्याने ती 'जोडीदार' नव्हती असे होत नाही. २००९ मध्ये काँग्रेसने दोन वर्षांची अट काढून टाकली. अर्ज मृत्यूनंतर जगू शकतो, हे कायद्याने मान्य केले. घटस्फोटानंतरही तो जगू शकतो, हे मात्र छळाचे अपवाद सोडता आजही मान्य नाही.

२२/ याच कायद्यात एक विसंगती आहे. १९९६ पासून नागरिक जोडीदाराला सरकारला आर्थिक हमीपत्र लिहून द्यावे लागते. आलेली व्यक्ती दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नाखाली जाणार नाही, याची ती हमी असते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर घटस्फोट झाला, तरी ही हमी संपत नाही. म्हणजे अर्ज प्रलंबित असताना घटस्फोट झाला तर नाते संपले असे सरकार म्हणते, आणि कार्ड दिल्यावर झाला तर नात्यातून आलेली जबाबदारी संपली नाही असे म्हणते. दोन्ही वेळी सरकारी तिजोरी सुरक्षित राहते.

२३/ महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांना हा इतिहास वेगळ्या वाटेने भिडतो. पुण्याहून वा ठाण्याहून एच-१बी व्हिसावर गेलेल्या अभियंत्याची पत्नी एच-४ व्हिसावर जाते. ग्रीन कार्डाच्या रांगेत ती पतीच्या अर्जाला जोडलेली असते. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,०००, त्यांत जोडीदार आणि मुलेही धरलेली, आणि कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांची मर्यादा. म्हणून भारतीयांची प्रतीक्षा दशकांच्या भाषेत मोजली जाते. त्या प्रतीक्षेत घटस्फोट झाला, तर पत्नीचे रांगेतले स्थान आणि एच-४ दर्जा, दोन्ही जातात.

२४/ येथे १९९० आणि १९९४ च्या सुधारणाही तिच्या उपयोगी पडत नाहीत. त्या नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदारासाठी आहेत, आणि तिचा पती अजून दोन्हींपैकी काहीच नाही. छळ झालेल्या एच-४ धारक स्त्रियांना कामाचा परवाना देण्याची तरतूद २००५ साली झाली, पण ती अमलात यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. आणि परवाना म्हणजे रांगेतले हरवलेले स्थान नव्हे. १८५५ च्या स्त्रीप्रमाणे तिचा दर्जा पतीच्या दर्जावर उभा आहे. फरक एवढाच की, तिला विवाहाच्या दिवशी काहीच मिळालेले नसते.

२५/ हुकूमनाम्याची तारीख एवढी निर्णायक असेल, तर हुकूमनामा कुठला हेही निर्णायक ठरते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली परस्परसंमतीचा घटस्फोट आला, सहा महिन्यांच्या प्रतीक्षेसह. ती सक्तीची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. दुसरीकडे १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात त्याच न्यायालयाने, पतीने अमेरिकेतील मिसुरी राज्यातून मिळवलेला घटस्फोट भारतात अमान्य केला. त्यामुळे एकच जोडपे अमेरिकेत विभक्त आणि भारतात विवाहित, असे घडू शकते. आणि अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या लेखी ती स्त्री पत्नी राहिलेली नसते.

२६/ या शतकाचा ताळेबंद काय? मोडलेला विवाह म्हणजे खोटा विवाह नव्हे, ही साधी गोष्ट कायद्याला हळूहळू पटत गेली. १९७५ मध्ये न्यायालयाला, १९८० मध्ये अपील मंडळाला, १९९० मध्ये काँग्रेसला. पण ती पटली आहे ती मुख्यतः कार्ड हाती आलेल्यांपुरती. प्रतीक्षेत असलेल्यांना आजही विचारले जाते की, निकालाच्या दिवशी नाते कागदावर आहे का? विवाह खरा होता का, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

२७/ कायद्याचा इतिहास वाचताना 'सुधारणा झाली' या वाक्यापाशी थांबून एक प्रश्न विचारावा : ती कोणत्या रांगेतल्या माणसासाठी झाली? १९२२ च्या सुधारणेने अमेरिकी स्त्रीला तिचे नागरिकत्व दिले, आणि परदेशी पत्नीला प्रतीक्षेत उभे केले. ती प्रतीक्षा अजून संपलेली नाही. आणि त्या प्रतीक्षेत जोडीदाराची सही आजही हक्कापेक्षा वरचढ आहे.

(धागा समाप्त)